तारेखालची जमीन

पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू. या रेल्वेपट्ट्यात स्थानकांच्या आसपास गवताच्या वखारी होत्या. पाऊस सरला की माळावरचे गवत कापायला येई. कापून, वाळवून त्याच्या पावल्या बांधत. वखारीत दाबून गाठी करत आणि गाठी मुंबईच्या तबेल्यांना जात. भातकापणीच्या मागेपुढे वारली कुटुंबांच्या हातात पैसा येण्याचे हे दिवस. १९४५ साली सुरू झालेल्या वारल्यांच्या लढ्यात गवतकापणीच्या दराची मागणी होती. पुढे वखारी मोडल्या. तिथे गाळे आणि गोदामे झाली. गवत अजून उगवते. कापायला माणूस मिळत नाही. तो तारापूरच्या एमआयडीसीत कंत्राटावर असतो.

गवत ज्या जमिनीवर उगवते ती वरकस. खाचरांच्या वरची, उताराची, मुरमाड. तिच्यावर नागली, वरई, उडीद, तूर, खुरासणी होई. दोन-तीन वर्षे पीक घेऊन ती गवताला सोडत, म्हणजे जमिनीत पुन्हा कस येई. सोडलेल्या वर्षी सातबाऱ्याच्या पीकपाहणीत ‘पड’ लागते. नागली पेरणारे घटले, पडीची वर्षे वाढली. मोठ्या प्रकल्पासाठी जागा पाहणारा आधी अशी जमीन पाहतो. तिथे कुणाचे काही जात नाही, असे कागदावरून दिसते. ते खरे नाही.

कच्छमध्ये खावड्याला सौर आणि पवन विजेचे ३० गिगावॉटचे उद्यान उभे राहत आहे. जागा ७२,६०० हेक्टर. त्याची कोनशिला २०२० च्या डिसेंबरात बसली. तिथली वीज महाराष्ट्राकडे आणण्यासाठी ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्या आखल्या गेल्या. एक नवसारीहून पडघ्याला. दुसरी सुरत जिल्ह्यातल्या दक्षिण ओलपाडहून ‘बोईसर-२’ नावाच्या नव्या उपकेंद्राला, आणि तिथून वेळगावच्या उपकेंद्राला जोड. नवसारी आणि पडघा यांच्या मध्ये पालघर जिल्हा आहे. ही वीज कोळशाची नाही. तिची गरज खरी आहे.

७६५ किलोव्होल्टच्या दुहेरी वाहिनीखाली ६७ मीटर रुंदीचा पट्टा लागतो. ४०० किलोव्होल्टला ४६ मीटर, २२० ला ३५. त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही. उंच झाड ठेवता येत नाही.

उंच झाडांत ताड पहिला. किनाऱ्यापासून वाणगावच्या पूर्वेपर्यंत बांधाबांधावर ताड आहेत. कुणी लावलेले नाहीत. फळ पडून, रुजून वाढलेले. ताडाला फळ धरायला पंधरा-वीस वर्षे लागतात. चढणारा बांबूच्या पेरांचे ठेवलेले खुंट धरून वर जातो, मडके बांधतो, पहाटे उतरवतो. एप्रिल-मेमध्ये ताडगोळे. ताड पाडला की शेतमालकाला एका झाडाचे पैसे मिळतात. चढणाऱ्याचे नाव त्या यादीत नसते.

मोह. फाल्गुन-चैत्रात पहाटे फुले पडतात. बायका आणि मुले झाडाखालचा पालापाचोळा आदल्या दिवशी झाडून ठेवतात, म्हणजे फूल मातीत मिसळत नाही. कुठले झाड कुणी वेचायचे हे पाड्यात ठरलेले असते. झाड वनखात्याच्या जमिनीवर असले तरी ठरलेले असते. ते कुठे लिहिलेले नाही. वाहिनीसाठी झाडे मोजली जातात तेव्हा बुंध्याचा घेर मोजतात.

मेच्या अखेरीस, पहिल्या सरींच्या सुमारास, रानाच्या कडेला शेवळ वर येते. जांभळट-तपकिरी कोंब, वीतभर. घशाला खाजते, म्हणून काकड झाडाच्या फळांशिवाय शिजवत नाहीत. पालघर-बोईसरच्या स्थानकाबाहेर आदिवासी बायका पानावर शेवळाच्या जुड्या मांडतात. प्रत्येक जुडीबरोबर मूठभर हिरवी काकडे. दोन-तीन आठवडे हा बाजार असतो. पुढे पाऊस लागला की लोथ, कोळीभाजी, टाकळा. शेवळाचा कंद जमिनीत खोल नसतो. टॉवरच्या पायापर्यंत यंत्र नेण्यासाठी वाट केली, जमीन सपाट केली की कंद उलटतो. पुढच्या वर्षी तिथे टाकळा येतो. शेवळ येत नाही. काकडाचे झाड राहिले तरी त्याची फळे मग कुणी काढत नाही.

चिकू. खिरणीच्या खुंटावर बांधलेले कालीपत्तीचे कलम. डहाणू-घोलवडच्या वाड्यांत कितीतरी झाडे पणजोबांच्या हातची आहेत. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लांब बांबूला जाळी बांधलेल्या बेडणीने फळ उतरवतात. देठ राहिला तर चीक लागून फळ डागळते, म्हणून तोडणाऱ्याचा हात महत्त्वाचा. तोडणारे बहुतेक वारली, धोडी, दुबळा. बारमाही काम. वाडीतली एक ओळ तुटली की वाडीवाल्याला वयाप्रमाणे आणि उत्पन्नाप्रमाणे झाडाची किंमत मिळते. ती पुष्कळदा कमी असते, पण मिळते. त्या ओळीवर वर्षाचे जे दिवस भरत होते, त्यांचे काही मिळत नाही. तसा नियमच नाही.

मिरची. वाणगाव म्हटले की मिरची. हिरवी तिखट आणि ढोबळी. पाणी सूर्याच्या कालव्याचे. सूर्या प्रकल्प, धामणीचे धरण आणि कवडासचा बंधारा, आदिवासी तालुक्यांच्या सिंचनासाठी बांधला गेला. पुढे त्याचे पाणी वसई-विरारला दिले गेले. मग मीरा-भाईंदरला. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतात उन्हाळी मिरची कमी झाली. जिथे पाणी पोचते तिथे आता जाळीघरे आहेत. जाळीघर तारेखाली उभे करता येत नाही.

टॉवर उभा करायला जमीन संपादित करत नाहीत. २००३ च्या वीज कायद्यातले कलम १६४ पारेषण कंपनीला तार खात्याचे अधिकार देऊ शकते. ते अधिकार १८८५ च्या तार कायद्यातले आहेत. तो कायदा तारेच्या खांबांसाठी केला होता. त्यात जमीन मालकाच्या नावावर राहते, खांब कंपनीचा राहतो, आणि मालकाला नुकसानभरपाई मिळते. त्याची संमती अट म्हणून लागत नाही. अडवले तर जिल्हा दंडाधिकारी परवानगी देतात. १८८५ चा खांब एका माणसाला खांद्यावर नेता येई. ७६५ किलोव्होल्टच्या टॉवरच्या चार पायांत एका गरीब कुटुंबाचे खाचर मावते.

भरपाईचा दर बदलत आला. २०१५ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के, आणि तारेखालच्या पट्ट्याला फार तर १५ टक्के. २०२४ च्या सूचनांत पायाखाली २०० टक्के आणि पट्ट्याला ३० टक्के. ही सुधारणा मोठी आहे. पण टक्के मोजायला आधी किंमत लागते. वनहक्काचा पट्टा विकता येत नाही. त्याला बाजारभाव नाही. वनजमीन वळवली की तिचे निव्वळ वर्तमान मूल्य भरतात. ते वनीकरणाच्या निधीत जाते.

पंचनाम्याच्या कागदावर घर, विहीर, झाड, पीक असे रकाने असतात. गवताला नसतो. वाटेला नसतो. शिवारातल्या वाघोबाच्या दगडाला नसतो.

पावसाळ्यात ओल्या तारा घुमतात. रात्रभर घुमतात. पूर्वी या माळांवर अंधार पडल्यावर रातव्याचा आवाज येई. लांबून, एकाच पट्टीत, लाकडावर ठोकल्यासारखा. तो ऐकायला आता तारेपासून दूर जावे लागते.

७६५ किलोव्होल्टच्या तारेतून पाड्याला वीज देता येत नाही. पाड्याची वीज वेगळ्या, लहान खांबांवरून येते. पहिल्या वादळी पावसात ती जाते.

कुडूस हे वाडा तालुक्यातले गाव. तिथून मुंबईत आरेपर्यंत उच्च दाबाची एकदिश विजेची वाहिनी आखली गेली. लांबी सुमारे ८० किलोमीटर. त्यातली सुमारे ३० खांबांवरून, ५० जमिनीखालून. जमिनीखालून तार नेता येते. खर्च जास्त येतो. तो कुठे करायचा हे ठरवता येते.

वाणगावच्या पश्चिमेला समुद्र आहे, आणि समुद्रकाठी विजेचा इतिहास जुना आहे. तारापूरची पहिली अणुभट्टी १९६९ मध्ये सुरू झाली. वीज तयार करणारी देशातली पहिली. त्या वेळी जनसुनावणीचा नियम नव्हता. तिसरी आणि चौथी भट्टी २००५-०६ मध्ये सुरू झाली. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे उठली. मच्छीमारांची आणि शेतकऱ्यांची गावे होती. त्यांचे पुनर्वसन आतल्या बाजूला झाले. नकाशावर नावे नव्या वसाहतींना आहेत. मूळ गावांच्या जागी कुंपण आहे. कुंपणासमोरच्या पाण्यात सुरक्षेसाठी होड्यांना मज्जाव आहे. तिथे डोल जाळ्यांसाठी मारलेले खुंट गेले. खुंटाची जागा बापाकडून मुलाकडे जात असे. ती मालमत्ता होती. सातबारा मात्र समुद्राचा निघत नाही.

डहाणूच्या खाडीवर ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. कोळशाचे. वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. चिकूवाल्यांनी आणि पर्यावरण कार्यकर्त्यांनी विरोध केला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्प होऊ दिला. त्याच वर्षी २० जूनला केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. सभोवती २५ किलोमीटरचा पट्टा राखला. तालुक्यात उद्योगांसाठी ५०० एकरांची मर्यादा घातली. वाणगाव या तालुक्यात येते. त्यामुळे बोईसर कारखान्यांनी भरले तरी पुढचे स्थानक मिरचीचे राहिले. एका कागदाने एवढे झाले.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. या प्राधिकरणापुढे वारली येत, मच्छीमार येत, बागायतदार येत. वकील लागत नसे. १९९८ मध्ये प्राधिकरणाने वाढवणच्या बंदराला नकार दिला. १९९९ मध्ये औष्णिक केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला सांगितले. यंत्रणा २००७ मध्ये चालू झाली. आठ वर्षे लागली, पण झाली. न्यायमूर्ती धर्माधिकारी ३ जानेवारी २०१९ रोजी वारले. पुढे प्राधिकरणाची फेररचना झाली. ३१ जुलै २०२३ रोजी याच प्राधिकरणाने वाढवणच्या बंदराला ना हरकत दिली.

वाढवणचा किनारा खडकाळ. ओहोटीला खडक उघडे पडतात. बायका कोयती आणि टोपली घेऊन कालवे फोडायला उतरतात. खडकांच्या कपारीत शेवंड असते. चिखलात निवट्या. होडी लागत नाही, जाळे लागत नाही, भांडवल लागत नाही. घरातल्या विधवेचे, म्हातारीचे पोट या खडकांवर चालते. बंदरासाठी १,४४८ हेक्टर समुद्र भरायचा आहे. २०२४ च्या जानेवारीत जनसुनावणी, फेब्रुवारीत पर्यावरण मंजुरी, ३० ऑगस्टला पालघरला भूमिपूजन. सुनावणीत विरोध नोंदवला गेला. नोंदवला गेला, एवढे तरी झाले.

सौर प्रकल्पाला जनसुनावणी नाही. पर्यावरणीय मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांची यादी २००६ च्या अधिसूचनेत आहे. तीत औष्णिक, अणु, जलविद्युत आहे. सूर्यप्रकाशावरची, वाऱ्यावरची वीज त्यात नाही. पारेषण वाहिनीही नाही. धूर नाही म्हणून वगळले. धुराचा हिशेब तिथे बरोबर आहे. जमिनीचा हिशेब कुणी विचारत नाही, आणि सुनावणी हीच तो विचारण्याची जागा होती.

खेड तालुक्यात भीमाशंकरच्या डोंगरांवर पवनचक्क्यांसाठी सुमारे १९४ हेक्टर राखीव जंगल वळवले. हे जंगल सदाहरित आहे, इथे शेकरू आहे, असे परिक्षेत्र वनाधिकाऱ्याने लिहून दिले होते. वरच्या अधिकाऱ्यांनी ते बाजूला ठेवले. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ च्या अहवालात ही गोष्ट नोंदवली. डोंगरात काढलेल्या रस्त्यांमुळे दरडी आल्या, ओढ्यांत गाळ उतरला. पिढ्यान्‌पिढ्या वापरातल्या वाटांवर लोकांना अडवले गेले. त्या डोंगरांवर वनहक्क कायद्याची अंमलबजावणी झालेली नव्हती.

धुळे जिल्ह्यात विखरणला जमीन औष्णिक प्रकल्पासाठी घेतली. पुढे तिथे सौर प्रकल्प ठरला. एका शेतकऱ्याला पाच एकरांचा मोबदला सुमारे चार लाख रुपये आला. शेजारच्यांना त्याच्या कितीतरी पट. ८४ वर्षांच्या त्या शेतकऱ्याने २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले. २८ तारखेला ते गेले.

मराठवाड्यात आणि देशावर गायराने जात आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी जमीन प्रकल्पाला नाममात्र भाड्याने मिळते. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख. योजनेमुळे शेतीला दिवसा वीज मिळते, आणि ती रात्री साप-विंचवात पाणी धरणाऱ्याची जुनी मागणी होती. पण गायरानावर भूमिहीनांची शेळी चरते. कितीतरी ठिकाणी दलित आणि भटक्या कुटुंबांनी ते वहितीखाली आणले आहे. त्यांच्याकडे कागद नाही. सव्वा लाख ज्याला मिळतात त्याच्याकडे कागद आहे.

ग्रामसभा. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा हे तालुके पाचव्या अनुसूचीत आहेत. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, तिथे लागू आहे. ३ ऑगस्ट २००९ च्या केंद्राच्या पत्राने वनजमीन वळवायच्या आधी ग्रामसभेची संमती आवश्यक केली. ५ फेब्रुवारी २०१३ च्या पत्राने रस्ते, कालवे, पाइपलाइन आणि वीजवाहिन्या यांना त्यातून सूट दिली. २०१७ च्या नोव्हेंबरात राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात महामार्ग, रेल्वे, वीजवाहिनी अशा कामांसाठी आदिवासींची जमीन विकत घेताना ग्रामसभेच्या मंजुरीची अट काढली. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी वनहक्कांची पूर्तता केंद्राच्या अंतिम मंजुरीनंतर राज्यावर सोपवली. आधी विचारायचे ते नंतर आले. नंतर विचारलेल्याला संमती म्हणता येत नाही.

ग्रामसभा अजून भरते. पाड्याच्या मधल्या झाडाखाली, समाजमंदिरात, शाळेच्या ओट्यावर. रोजगार हमीची कामे, घरकुलाची यादी, नळपाणी. इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहिले जातात आणि सह्यांशेजारी अंगठे उमटतात. वाहिनीचा विषय तिथे येतो तो बहुधा आखणीचे दगड शेतात पुरून झाल्यावर.

२०१३ च्या पत्रात एक अपवाद आहे. वाहिनीमुळे आदिम जमातींच्या मान्य झालेल्या हक्कांवर परिणाम होत असेल तर सूट लागू नाही. ग्रामसभेची संमती घ्यावी लागते. महाराष्ट्रात अशा तीन जमाती आहेत: माडिया गोंड, कोलाम आणि कातकरी. हक्क मान्य झालेला असावा लागतो, म्हणजे दावा दाखल झालेला असावा लागतो, म्हणजे कुणीतरी तो अर्ज भरून द्यायला हवा. पालघर जिल्ह्यात कातकऱ्यांचे पाडे आहेत.